न पडलेलं विमान

भरताची वांगी हातात घेऊन निवडत असताना गिरधर देवरेच्या कानावर ते वाक्य आलं. धुळ्यात पाचकंदीलच्या भाजीबाजारात सकाळची गर्दी होती, आणि त्याच्या उजव्या हाताला उभा असलेला एक माणूस आपल्या बायकोला, आवाज खाली घेतल्यासारखं करून पण मुळीच न घेता सांगत होता, "हाऊ देख. जयगावनं ते इमान व्हतं ना, ते यानीच पाडं." बायकोने मान वळवून पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि मग ती मेथीच्या जुड्यांकडे वळली. गिरधरला त्या माणसाचा दंड धरून थांबवावंसं वाटलं. काय सांगायचं होतं? पडलं नाही हो, ते विमान कधीच पडलं नाही. पण तोवर ती दोघं पुढे गेली होती, आणि तागडी धरून बसलेली भाजीवाली झुंबरबाई, जी इतकी वर्षं त्याला नुसता मास्तर म्हणून ओळखत होती, त्याच्याकडे नव्याने बघत होती. "खरंच पडनं व्हतं का भाऊ?" तिने विचारलं. "पडलं नाही," तो म्हणाला. "मंग, उडनं का?" "उडालं होतं. बऱ्याच वेळा उडालं." झुंबरबाईने वांगी त्याच्या पिशवीत ओतली. "मंग गयं कोठे?" तिने अगदी साधेपणाने विचारलं, घरातली एखादी वस्तू हरवल्यावर विचारावं तसं. त्याने पैसे दिले आणि तो चालू लागला.

मंग गयं कोठे. दुकानांच्या पाट्या, हातगाड्या, रिक्षांचे भोंगे यांच्यातून तो चालत होता आणि तो प्रश्न त्याच्या बरोबरीने चालत होता. घराकडे जाणारं वळण आलं, पण त्याचे पाय वळले नाहीत. परवा पेपरात जळगावचे डाळमिलवाले केवलचंदशेठ गेल्याची बातमी होती. आज दुपारी जळगावला त्यांचा उठावणा, म्हणजे शोकाची बैठक. बायको, कुंदा, म्हणाली होती, जाऊन या. तो म्हणाला होता, कॉलेजात परीक्षा आहेत. तिला परीक्षा कधी असतात ते माहीत होतं. आता त्या अनोळखी माणसाच्या एका वाक्याने त्याचा तो सगळा निर्धार सैल झाला. स्टँडजवळच्या एसटीडीवाल्याकडून त्याने शेजाऱ्यांकडे फोन केला, "कुंदाला सांगा, मी जळगावला जातोय, संध्याकाळपर्यंत येतो," आणि मग बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की वांग्यांची पिशवी अजून हातातच आहे. उठावण्याला वांगी घेऊन निघालेला माणूस. त्याने ती पायाशी ठेवली. बस सुटली.

पारोळ्यापर्यंत रस्ता खराब होता आणि खिडकीची काच एका लयीत थरथरत होती. गिरधरला थरथर ऐकू आली की तो आपोआप तिच्यामागचं कारण शोधू लागे. काच सैल आहे, रबर वाळलंय, गाडीचा वेग अमुक झाला की आवाज वाढतो, त्याच्या पुढे गेली की कमी होतो. बंगलोरच्या विमान कारखान्यात पंधरा-सोळा वर्षं त्याने हेच केलं होतं. कुठली वस्तू कधी थरथरते आणि कधी तुटते. मग ब्याण्णव साली प्रकाशचंद त्याच्या दारात येऊन उभा राहिला. जळगावच्या शाळेत दोघे एका बाकावर बसायचे. गिरधर अमळनेरहून मामाकडे शिकायला आलेला, तेलाच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, आणि प्रकाश डाळमिलवाल्या केवलचंदशेठचा. मधल्या काळात प्रकाश अमेरिकेत शिकून आला होता, तिथे काही वर्षं राहिला होता, आणि आता बंगलोरच्या त्या दोन खोल्यांत जमिनीवर कागद पसरून बोलत होता. चार माणसं बसतील एवढंच जेट. मोटारीपेक्षा थोडंसं मोठं. दोन छोटी इंजिनं, शेपटीच्या पुढे. साखर कारखान्याचा चेअरमन सकाळी निघून दिल्लीत काम उरकून रात्री जेवायला घरी. एवढं हलकं जेट जगात कोणीच करत नाही गिरधर, सगळे मोठमोठी करतात. आपण करू. जळगावला करू. "जळगावला का?" गिरधरने विचारलं होतं. प्रकाश म्हणाला होता, "कारण मी तिथला आहे. आणि तू पण." ते उत्तर चुकीचं होतं हे गिरधरला तेव्हाही कळलं होतं. तरी तो गेला. कुंदाला घेऊन, बंगलोरची नोकरी सोडून. त्या वयात एखाद्याने आपल्याला एवढ्या लांब शोधत यावं याचीच भूल पडली असावी.

गावाबाहेरच्या सरकारी धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहिली. आसपासच्या गावांतली, नशिराबादची पोरं सायकलींवरून कामाला येऊ लागली. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर राळ फिरवायची, वाळवायची, घासायची. उन्हाळ्यात राळ वेळेआधी घट्ट व्हायची म्हणून काम पहाटे चालायचं. अंगाला खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे, पण साच्यातून पहिलं नाक बाहेर निघालं, पांढरं, गुळगुळीत, तेव्हा सगळ्यांनी हात लावून पाहिला होता. गिरधरकडे मजबुतीचं आणि वजनाचं काम होतं. हलक्या विमानात वजन म्हणजे सगळं. दाराची मूठ, सीटचा पट्टा, रंगाचा थर, तो प्रत्येक वस्तू तोलायला लावायचा आणि पोरं त्याच्या मागे हसायची. केवलचंदशेठ मात्र हसत नसत. पांढरं धोतर, काळी टोपी, ते संध्याकाळी शेडमध्ये येऊन खुर्चीवर बसायचे. वजन हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. "गिरधर, आमची तूर वाळली की हलकी होते," ते एकदा म्हणाले, "तुमचं हे वाळतं तसं जड का होतं?" कारण इंजिनं. परदेशातल्या कंपनीने ती जेवढी हलकी सांगितली होती त्याहून बरीच जड निघाली. मागचा भाग जड झाला म्हणून तोल सांभाळायला नाकात शिशाचे ठोकळे बसवावे लागले. ज्या विमानातून त्याने एकेक मूठ वजन काढलं होतं त्याच्या नाकात आपल्याच हाताने शिसं भरताना गिरधरला लाजल्यासारखं झालं होतं. केवलचंदशेठ ते बघत होते. जाताना फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले.

तरी ते उडालं. एरंडोल मागे पडलं आणि केळीच्या बागा सुरू झाल्या तसा गिरधरला तो दिवस अंगावर आल्यासारखा आठवला. वैमानिक सुकदेव बोरसे, हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे पिंपळनेरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी विमान पट्टीच्या टोकाला नेलं, आणि मग ते पळत आलं आणि गिरधरच्या समोर चाकांखालची सावली चाकांपासून सुटली. बस, एवढंच. सावली सुटली. पोरांनी आरडाओरडा केला, प्रकाशने त्याला मिठी मारली आणि दोघं पडता पडता वाचले. त्या रात्री कुंदाने विचारलं, कसं वाटलं? त्याला सांगता आलं नव्हतं. पुढे उड्डाणं होत राहिली, वेग थोडा थोडा वाढवत. आणि एके दिवशी उतरल्यावर बोरसे त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "गिरधर, वेग वाढला की पायाखाली काहीतरी होतं. मांजर गुरगुरतं ना, तसं." पायाखाली म्हणजे शेपटीतलं सुकाणू वळवायच्या पेडलमध्ये. गिरधरने आकडेमोड केली. शेपूट जड झाल्यामुळे तिची लवचीकता बदलली होती, आणि एका ठरावीक वेगापलीकडे ही गुरगुर वाढत जाऊन शेपूटच मोडेल असं त्याचं उत्तर आलं. वेग आवरा, शेपूट पुन्हा बांधू द्या, तो म्हणाला. प्रकाश म्हणाला, बांधू, पण डिसेंबरानंतर. डिसेंबरात त्याने गिऱ्हाइकं बोलावली होती.

डिसेंबरातली ती सकाळ. धावपट्टीच्या कडेला मांडव, पांढऱ्या खुर्च्या, साखर कारखान्यांचे चेअरमन, मुंबईचे दोन गिरणीमालक, इंजिनाच्या कंपनीचा एक गोरा माणूस. नाश्त्याला शेवभाजी होती. प्रकाश सगळ्यांची ओळख करून देत होता. गिरधरपाशी आल्यावर तो म्हणाला, "आणि हे आमचे गिरधर. विमान यांच्या हातात दिलं असतं, तर अजून तागडीतच असतं!" सगळे हसले. प्रकाशही हसला, आणि त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, ते गिरधरला तेव्हाही कळलं होतं. शाळेत तो असाच हसायचा. पण गिरधरच्या छातीत काहीतरी गार होत गेलं. त्यानंतर अर्ध्या तासाने बोरसे शिडीपाशी थांबले. ठरल्याप्रमाणे विमान मांडवावरून अगदी कमी उंचीने, वेगात न्यायचं होतं. बोरशांनी त्याच्याकडे पाहिलं. "गिरधर, तू सांग. उडवू?" मांडवातले लोक बघत होते. प्रकाश हात वर करून खूण करत होता. आणि गिरधर म्हणाला, "नाही." बोरशांनी एकदाही पुन्हा विचारलं नाही. हेल्मेट काढलं आणि ते शिडीवर पाय न ठेवताच मागे फिरले.

पुढचं सगळं फार भरभर झालं. गोरा माणूस दुपारच्या गाडीने गेला. चेअरमन लोक जेवून गेले. काही महिन्यांत शेड बंद झाली, पोरं सायकली घेऊन आपापल्या गावी गेली, कुणी केळीच्या ट्रकवर, कुणी सुरतेला. गिरधरला धुळ्यात नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी मिळाली. त्याच्या नाहीमुळे एक माणूस वाचला असं तो स्वतःला सांगत असे, आणि वर्गात शिकवताना ते पटतही असे. पण एकदा दाढी करताना अचानक त्याच्या मनात आलं, मी असंही म्हणू शकलो असतो, उडवा पण हळू. फार खाली आणू नका, वेग वाढवू नका, लोकांना नुसतं उडालेलं दिसू दे. बोरशांनी ऐकलं असतं. काहीच झालं नसतं. हो आणि नाही यांच्यामध्ये एवढी मोठी जागा होती आणि ती त्याला दिसली नव्हती. का दिसली नाही? वस्तरा गालावर तसाच धरून तो आरशात बघत राहिला होता. मी शेपटीला भ्यालो होतो, की मांडवातल्या त्या हसण्याला उत्तर दिलं होतं? ते त्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. रात्री, वर्गात, कुंदाशी बोलताना, तो त्या शिडीपाशी पुन्हा जाऊन उभा राहायचा आणि स्वतःच्या छातीत काय आहे ते चाचपायचा, पण दर वेळी हाताला वेगळं काहीतरी लागायचं.

गिरधर पोचला तेव्हा उठावणा संपत आला होता. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, भिंतीला टेकवलेला हार घातलेला फोटो, लोक येत होते, थोडं बसत होते, हात जोडून उठत होते. वांग्यांची पिशवी गिरधरने चपलांच्या ढिगाशी ठेवली. प्रकाश फोटोजवळ बसला होता. केस पांढरे झाले होते, अंग भरलं होतं. त्याने गिरधरला पाहिलं, हात जोडले, इतरांना जोडत होता तसेच. गिरधर बसला. मग आतल्या दारातून कुणीतरी त्याला बोलावलं. प्रकाशची आई, सुगनबाई, आतल्या खोलीत बायकांत बसल्या होत्या. त्या त्याला शाळेत असल्यापासून खाऊ घालत आल्या होत्या. "ये रे गिरधर," त्या म्हणाल्या. "फार उशीर केलास. तुझी आठवण काढायचे." त्याने मान खाली घातली. "पण समाधानाने गेले बघ," सुगनबाई म्हणाल्या. "विमानात बसायची इच्छा होती, तेवढी पुरी झाली. वरून आपलं घर पाहिलं म्हणाले. गच्चीवर पापड वाळत होते, ते पण दिसले. आल्यावर चार दिवस दुसरं बोलणं नाही." गिरधरने वर पाहिलं. "कुठल्या विमानात काकी?" "तुमच्याच," सुगनबाई म्हणाल्या. "दुसरं कुठलं आहे आपल्याकडे?"

बाहेर ओट्यावर बोरसे उभे होते. ते आता वाळले होते, पण पाठ तशीच ताठ होती. गिरधरने नमस्कारही केला नाही. "तुम्ही उडवलंत?" बोरशांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "एकदाच. इंजिनं परत न्यायला कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. शेठ म्हणाले, एकदा बसू द्या. परवानगी कसली घेणार, पट्टीवर चौकीदार भिकन तेवढा होता. हळू नेलं. गावावरून एक फेरी, बस. तू सांगितलेल्या वेगाच्या जवळपासही गेलो नाही." म्हणजे मधली ती जागा खरोखरच होती. ती त्याच्याशिवाय इतरांना सापडली होती, आणि तिच्यात बसून एका म्हाताऱ्याने आपल्या गच्चीवरचे पापड पाहिले होते. "छान केलंत," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासूनच म्हटलं असावं. बोरसे बोलायचे थांबले नाहीत. "उतरताना मात्र पायाखाली एकदम ढिलं पडलं. वेग काहीच नव्हता, तरी. कसंबसं उतरवलं. मागे जाऊन झाकण काढलं, तर सुकाणूच्या बिजागरीचा एक कान तुटलेला." "तुटलेला? तडा नव्हे?" "तुटून लोंबत होता." "तुटलेली बाजू कशी होती? काळपट की चकचकीत?" "मी पाहिलं नाही," बोरसे म्हणाले. "प्रकाशने पण पाहिलं नाही. त्याने झाकण बंद केलं. मी म्हटलं, गिरधरला बोलाव. तर म्हणे, त्याला कशाला."

"आता बोलावतो," मागून प्रकाशचा आवाज आला. तो दारात उभा होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. "चल. गाडी काढतो." कुणीतरी म्हणालं, आज कुठे जाता, लोक येतायत. प्रकाशने ऐकलं नाही. गाडीत दोघेच होते. गिरधरच्या मनात सुकाणू शेपटीला धरून ठेवणारा बिजागरीचा तो धातूचा कान फिरत होता. त्याच्या सगळ्या आकडेमोडीत ती बिजागरी कुठेच नव्हती. त्याने वेगाची भीती घातली होती, आणि तुटलं ते हळू उडताना. म्हणजे त्याचं गणितच चुकलं होतं. की गणित चुकलं तरी त्याचं ‘नाही’ बरोबर होतं? धातू एका झटक्यात तुटला तर तुटलेली बाजू साखरेच्या कणांसारखी चमकते. पण तडा महिनोन्‌महिने हळूहळू सरकत गेला असेल तर आतले पृष्ठभाग एकमेकांवर घासून काळे पडतात. चकचकीत असेल तर कान त्या फेरीतच तुटला, आणि डिसेंबरात विमान धड होतं. काळा असेल तर तडा आधीपासून होता. हे त्याने प्रकाशलाही एकदा शेडमध्ये समजावलं होतं, मोडका बोल्ट हातात धरून.

शेडच्या दारात चौकीदार भिकन खाटेवर बसला होता. तो लगबगीने उठला. "कवय वनात भाऊ?" त्याने गिरधरला ओळखून विचारलं. "आज वनू," गिरधरच्या तोंडून त्याच्याच बोलीत निघून गेलं. कुलूप काढता काढता भिकन हळूच त्याला म्हणाला, "बठ्ठा गयात. पन प्रकाशभाऊ रोज येस. मझार बसस, आन चालना जास." प्रकाश रोज इथे आत येऊन बसतो, हे गिरधरला माहीत नव्हतं. आत पत्र्याचा उकाडा होता, राळेचा जुना वास अजून होता. विमान तिथे उभं होतं, इंजिनांच्या जागी दोन काळी भोकं, अंगावर धूळ, आणि त्याच्या आठवणीत होतं त्यापेक्षा फार लहान. दारातून आत मागच्या सीटवर एक उशी दिसत होती. केवलचंदशेठांची असावी. प्रकाशने कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर आणि बॅटरी आणली. "मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "झाकण डोळे मिटून लावलं. रोज येतो, रोज ठरवतो काढायचं. तू काढ."

गिरधरने स्टूल ओढलं, वर चढला, झाकणाचे स्क्रू काढले. भोक एवढंसं होतं, एकाच माणसाचं डोकं आत जाईल एवढं. त्याने एका हातात बॅटरी घेतली आणि मान आत घातली. बाहेरचा सगळा आवाज एकदम लांब गेला. तुटलेला कान तारेच्या एका पेडावर लोंबत होता. त्याने तो बोटांनी उजेडात वळवला. एका कडेपासून बराच भाग काळपट होता, जुन्या तव्यासारखा, आणि त्यावर अगदी बारीक वळणदार रेषा होत्या, एकीपुढे एक. उरलेली कड चकचकीत होती. शंकाच नव्हती. तडा फार आधी सुरू झाला होता, डिसेंबराच्या खूप आधी, कदाचित पहिल्या उड्डाणांपासून, आणि रेषारेषांनी पुढे सरकत राहिला होता. त्या सकाळी मांडवावरून तसं वेगात नेलं असतं तर. हळू नेलं असतं तरी. गिरधरच्या अंगातून काहीतरी एवढ्या जोरात वर आलं की त्याने भोकाची कड घट्ट धरली. तो आनंद होता. इतका उघडा, इतका वखवखलेला आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी बरोबर होतो. मला हे माहीत नव्हतं, मी कशालाही भ्यालो असेन, कुणावरही रागावलो असेन, पण मी बरोबर होतो, आणि हे आता बाहेर काढून बाजारात दाखवता येईल. त्याला हसू फुटलं. आत, त्या अंधारात, ते कुणाला दिसलं नाही.

"बाबूजी मागे बसले होते," खालून प्रकाश बोलत होता. आवाज पत्र्यावर आपटून आत येत होता. "मी शेजारी. उडालं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. लहान पोरासारखा. मी म्हटलं, बाबूजी, घाबरायचं नाही, आपलंच आहे." तो थांबला. "मी त्यांना कशात बसवलं होतं, ते सांग. मला दुसरं काही नको. झोप येत नाही रे."

गिरधरने पुन्हा त्या काळ्या रेषांकडे पाहिलं. विमान पुन्हा उडणार नव्हतं. इंजिनं गेली होती, नाकातलं शिसंसुद्धा कुणी काढून नेलं असेल. हा कान आता कुणालाच मारू शकत नव्हता. कुणालाच नाही, प्रकाशखेरीज. ते काळं एवढं होतं, की ते कळलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य रोज रात्री आपल्या बापाला उशी लावून त्या सीटवर बसवत राहिला असता. गिरधरचा आनंद ओसरला नव्हता, अजून छातीत धडधडत होता, आणि त्याच्याच शेजारी हे दुसरं काहीतरी उभं राहिलं. त्याला वाटलं, थोडा वेळ मिळावा. पण डोकं फार वेळ आत ठेवता येत नव्हतं, घाम डोळ्यांत उतरत होता.

"काय दिसतं?" प्रकाशने विचारलं.

"चकचकीत आहे," गिरधर म्हणाला.

"सगळा?"

"सगळा. उतरतानाच तुटलाय. आडव्या वाऱ्याचा झटका बसला असेल."

गिरधरने मान बाहेर काढली. प्रकाश पंखाला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं, आणि मागोमाग दुसरं. पुढचा प्रश्न काय येणार हे गिरधरला स्टुलावर उभ्या उभ्या कळलं, आणि तो आला.

"म्हणजे त्या दिवशी, डिसेंबरात, काही नव्हतं."

"नव्हतं."

"उडालं असतं."

"उडालं असतं," गिरधर म्हणाला.

प्रकाशने डोळे पुसले. "मी म्हणत होतो ना," तो म्हणाला. "मी सगळ्यांना म्हणत होतो." त्याने पंखावर थाप मारली, धूळ उडाली. "हरामखोरा," तो गिरधरला म्हणाला, पण आवाजात राग असा नव्हता, फार दिवसांनी ताप उतरलेल्या माणसाचा थकवा होता. आणि मग तो बोलू लागला. त्या दिवशी वर गेलं असतं तर मुंबईवाल्यांनी तिथेच हो म्हटलं असतं. कंपनीने नवी, हलकी इंजिनं दिली असती. तिसऱ्या वर्षी महिन्याला एक विमान निघालं असतं. शेडच्या मागे दुसरी शेड. नशिराबादची ती पोरं, सगळी कायम झाली असती. बाबूजींनी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघितलं असतं. तो हात हलवून दाखवत होता, कुठे काय उभं राहिलं असतं, आणि त्याचा चेहरा बंगलोरला जमिनीवर कागद पसरून बसला होता तसा झाला होता. गिरधरने झाकण जागेवर धरलं आणि एकेक स्क्रू बसवायला सुरुवात केली. प्रकाश मधूनच विचारत होता, हो ना? आणि तो म्हणत होता, हो. शेवटचा स्क्रू फिरायचा थांबला, तरी तो आवळतच राहिला.